चौथे ज्याअर्थी

"ज्याअर्थी श्रीमती कॉर्डेलिया मझीक यांनी या जिल्ह्यातील मुलामुलींना अक्षरओळख करून दिली, आणि ज्याअर्थी त्यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी आज डॉक्टर, वकील, परिचारिका आणि शेतकरी म्हणून नावलौकिक मिळवून आहेत, आणि ज्याअर्थी—"

"जरा सावकाश वाच," डीकन चिझम म्हणाले. "उद्या चर्चमध्ये निम्मे बहिरे असणार आहेत. त्यात पहिला मी."

वर्डेल गॅडसनने चष्मा नीट केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माउंट नेबो चर्चची ती सव्वीस वर्षं चिटणीस होती. रविवारी किंवा अंत्यविधीत जो कागद वाचायचा असेल तो ती आदल्या दिवशी चर्चच्या कचेरीत उभी राहून एकदा मोठ्याने वाचून काढी. ही सवय तिला वयाच्या आठव्या वर्षी लागली होती, आणि जिने लावली तिचाच अंत्यविधी उद्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता होता.

चर्चचे जुने कारभारी असलेले डीकन चिझम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून अंत्यविधीच्या पुस्तिका दुमडत होते. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर औषधालाही केस नाही. प्रत्येक पुस्तिकेवर मझीकबाईंचा फोटो होता. पांढरी कॉलर, ताठ मान, आणि फोटोग्राफरचंच काहीतरी चुकतंय अशी नजर.

"श्रीमती म्हटलंय, लक्षात आलं का तुझ्या?" डीकन म्हणाले. "गोऱ्या साहेबांनी जन्मभर नुसतं कॉर्डेलिया म्हटलं. शाळामंडळाने बाईंना श्रीमती म्हणायला बाईंना शहाऐंशी वर्षं जगावं लागलं. आणि वर मरावं लागलं ते वेगळंच."

वर्डेल हसली आणि पुढे वाचू लागली. तिसरं ज्याअर्थी बाईंच्या शिस्तीबद्दल होतं. मग चौथं आलं.

"आणि ज्याअर्थी सन १९५६ मध्ये कौटुंबिक कारणास्तव त्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला, व सन १९६७ मध्ये त्या पुन्हा सेवेत रुजू झाल्या—"

ती थांबली.

"थांबलीस का? चांगलं चाललं होतं."

"ऐकलंत का तुम्ही, काय लिहिलंय?"

डीकनचे हात थांबले. "राजीनामा ऐकलं. कौटुंबिक ऐकलं." त्यांनी हातातली पुस्तिका खाली ठेवली. "कुटुंब? बाईंचं कुटुंब म्हणजे एक मांजर. तेसुद्धा शेजाऱ्यांचं."

शाळामंडळाने पाठवलेला तो ठराव जाड, पिवळसर कागदावर होता. खाली सोनेरी मोहोर आणि अध्यक्ष कार्टर विटसेल यांची सही. उद्या तो शवपेटीशेजारी उभं राहून वाचायचा होता, आणि वाचायचा वर्डेलने. अंत्यविधीत आलेले ठराव चर्चची चिटणीस वाचते, ही रीत तिच्या आधीपासूनची.

तेवढ्यात रेव्हरंड फ्रेझर आत आले. रेव्हरंड अडतीस वर्षांचे, चार वर्षांपूर्वी राजधानीहून आलेले, माणूस समजूतदार. त्यांनी कागद वाचला आणि खुर्ची ओढून बसले.

"सिस्टर वर्डेल, मंगळवारी काय आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. सगळ्या हार्लो क्रीकला माहीत होतं. नव्या प्राथमिक शाळेच्या इमारतीला मझीकबाईंचं नाव द्यायचं की नाही, यावर मंगळवारी मंडळात मतदान होतं. पाच सभासद. दोन बाजूने, दोन काठावर, आणि पाचवे विटसेल.

"एकदा नाव लागू द्या," रेव्हरंड म्हणाले. "दगडात कोरलेलं नाव कुणी पुसत नाही. मग हे वाक्य आपण सावकाशीनं दुरुस्त करून घेऊ. आज वाद काढला तर काठावरचे दोघे पलीकडे उडी मारतील. निमित्तच शोधतायत ते."

"आणि मी हे उद्या बाईंच्या उशाशी उभी राहून वाचू?"

"बाईंना काय फरक पडतो आता?"

डीकन चिझमनी घसा साफ केला. "रेव्हरंड, तुम्ही बाईंच्या वर्गात नव्हता."

"नव्हतो."

"दिसतंच आहे," डीकन म्हणाले, आणि पुन्हा पुस्तिका दुमडू लागले.

बाईंच्या वर्गातली गोष्ट अशी होती. ज्याच्या वहीत चूक, त्याने उठून फळ्यापाशी यायचं. चुकलेलं वाक्य आधी जसंच्या तसं मोठ्याने वाचायचं, मग दुरुस्त करून वाचायचं. बाई वर्गाला विचारत, "बरोबर?" वर्ग म्हणे, "बरोबर." मग बाई म्हणत, "बस." बाईंनी बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. यात कुणाला कधी हसू दिलं नाही त्यांनी, आणि कुणाची सुटकाही नाही. दुरुस्त न केलेल्या वहीवर त्या सही करत नसत. एका मुलीने 'उद्या करते' म्हटलं तर बाई म्हणाल्या होत्या, "कर की. सहीपण उद्याच." ती मुलगी वर्डेल होती.

दुपारी दोन वाजता ती जिल्ह्याच्या कचेरीत विटसेलांसमोर बसली होती.

विटसेल गोरे, सेहेचाळीस वर्षांचे, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली. तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, मग कपाटातून तपकिरी पुठ्ठ्याची इतिवृत्ताची वही काढली, पान शोधलं, आणि वही तिच्याकडे फिरवून ठेवली.

"मे एकोणीसशे छप्पन्न. तुम्हीच वाचा."

'सी. मझीक, वर्ग तिसरा. राजीनामा स्वीकृत.'

"मी हे मनाने रचलेलं नाही, मॅडम. क्लार्कने इथून उतरवलं. आणि कौटुंबिक कारण... ते त्याने शोभेला घातलं असावं."

"राजीनामा नव्हता. काढलं त्यांना."

"असेल. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो."

"मी तेवीस वर्षांची होते."

विटसेलांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही पाहिलंय?"

"त्या खोलीत होते मी. आम्ही अकरा शिक्षक होतो."

"बाकीचे?"

"नऊ जण गेले. आता बाईही गेल्या."

"मग लिहून द्या ना," विटसेल म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते हे वर्डेलला कळलं. तिला तेच नको होतं. "पाहिलेल्या माणसाचं सहीनिशी निवेदन असेल तर मी मंडळापुढे ठेवीन. नुसतं लोक म्हणतात, यावर मला इतिवृत्त बदलता येत नाही." बोलता बोलता त्यांनी वहीचं पुढचं पान उलटलं. सप्टेंबरच्या नेमणुका होत्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 'वर्ग तिसरा. व्ही. गॅडसन.'

"या तुम्हीच?"

"हो."

"संघटनेचे सभासद आहात का, याला ज्यांनी फॉर्मवर हो लिहिलं त्यांना काढलं, असं म्हणता. मग तुम्ही..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "मुद्दाम विचारत नाही, मॅडम."

"माहीत आहे मला," वर्डेल म्हणाली. पर्स उचलली आणि निघाली.  

उद्याच्या जेवणासाठी तिने दोन केक कबूल केले होते. घरी येऊन तिने अंडी फोडायला घेतली. बाहेर ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. पाचवं अंडं फुटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की साखर घातली की नाही ते आठवत नाही. मग ती स्टुलावर बसली.

त्या वर्षी राज्याने कायदा केला होता. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही. हार्लो क्रीकच्या शाखेत एकोणतीस सभासद होते. अध्यक्ष मझीकबाई. चिटणीस वर्डेल गॅडसन, शाळेत पहिलंच वर्ष. बाईंनी तिला चिटणीस केलं ते तिच्या अक्षरासाठी. चौदा महिन्यांच्या सभांचं इतिवृत्त तिने निळ्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, अकराही जणांना तिसरीच्या वर्गात बोलावलं. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली. शिक्षणाधिकारी गोरे होते. ते बाईंच्या टेबलाशी उभे राहिले आणि एकेक फॉर्म वाटला. सातवा प्रश्न संघटनेचा. सभासद आहात काय?

आदल्या संध्याकाळीच वर्डेलने निळी वही चुलीत घातली होती. नवऱ्याचा हात लाकडाच्या गिरणीत मोडून दोन महिने झाले होते, पाळण्यात तीन महिन्यांचं मूल होतं. सातव्या प्रश्नापुढे तिने लिहिलं, 'नाही.' हात कापला नाही. पुढे कित्येक वर्षं तिला त्याचंच नवल वाटत राहिलं.

बाई तिच्या शेजारच्या बाकावर होत्या. त्यांनी पहिला प्रश्न ते शेवटचा, सगळं सावकाश लिहिलं आणि उठून फॉर्म स्वतः नेऊन दिला. शिक्षणाधिकाऱ्यांनी वाचला, आणि त्यांचा चेहरा ओढला गेला. माणूस दुष्ट नव्हता, त्याला शुक्रवारी घरी लवकर जायचं होतं.

"कॉर्डेलिया, तुला दुसरा कागद देतो. नीट विचार करून लिही."

"तारीख चुकली आहे का, साहेब?"

"कसली तारीख?"

"सातव्या प्रश्नाला मी लिहिलंय, 'होय. मार्च १९४१ पासून.' तारीख चुकली असेल तर दुरुस्त करते."

"तारखेचा प्रश्न नाही."

"मग कागद बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि जागेवर येऊन बसल्या. बसता बसता त्यांची नजर वर्डेलच्या फॉर्मवरून गेली. वर्डेलने हात ठेवून झाकायचा प्रयत्न केला, पण शाई ओली होती. तळहातावर उलटी अक्षरं उमटली.

नवव्या दिवशी बाईंना पत्र आलं. वर्षाचे तीन आठवडे राहिले होते, तेही शिकवू दिले नाहीत. सप्टेंबरात तिसरीचा वर्ग वर्डेलला मिळाला. टेबलाच्या खणात तिला लाल पेन्सिलींचा जुडगा सापडला, आणि एक कागद. वर लिहिलं होतं, 'जो कोणी येईल त्याच्यासाठी.' खाली दुसरीतून वर येणाऱ्या मुलांची यादी. 'मोझेसला लांबचं दिसत नाही, पुढे बसवा. एर्लीन घरून उपाशी येते, विचारू नका, नुसतं द्या. क्लाइडला रागावलं की तो तोतरा बोलतो.' अशी छत्तीस मुलं.

वर्डेलने त्या वर्गात चौतीस वर्षं शिकवलं. चुकलेलं वाक्य उभं राहून वाचायची पद्धत तिने कधी मोडली नाही. रोज कुणीतरी फळ्यापाशी उभं राही, आणि रोज ती म्हणे, "बस."

आणि बाई? बाईंनी गावातल्या शिंपिणीकडे काजं-बटणं केली, अंडी विकली, आणि दर सोमवारी दुपारी बेसीच्या ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत शाळा उघडली. सोमवारी पार्लर बंद असे. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचं एखादं कलम वाचून आणि लिहून दाखवावं लागे. बाईंनी कलमं किराण्याच्या तपकिरी कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून काढली आणि केस वाळवायच्या यंत्रांवर टांगली. धोबिणी, कोळी, तंबाखूच्या शेतावरची माणसं तिथे अक्षरं गिरवत. पोलिसांची गाडी फिरकली की बायका त्या यंत्रांखाली जाऊन बसत. पुरुषांची पंचाईत होई. एकदा पोलिसाने अब्राम चिझमला दारातच विचारलं होतं, तू इथे काय करतोस? तेव्हाही त्याच्या डोक्यावर केस नव्हते. "औषधाला आलोय, साहेब," तो म्हणाला होता. "बेसी म्हणते, उगवतील."

हा अब्राम सात मुलांचा बाप, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा फळ्यापाशी उभा राहिला. कचेरीतून चार वेळा परत पाठवला गेला. दर वेळी बाईंनी त्याचं चुकलेलं वाक्य वाचून घेतलं, दर वेळी म्हणाल्या, "बस." पाचव्या वेळी नोंदणी कारकून जेवायला उठत होता, त्याने कंटाळून शिक्का मारला. अब्राम चिझम बाईंचा सत्त्याहत्तरावा मतदार. बाईंच्या यादीत शेवटचा आकडा सहाशे अकरा होता. मधल्या काळात त्यांना एकदा न्यायालयाच्या पायऱ्यांवर नुसतं उभं राहिल्याबद्दल पकडलं. चार दिवसांनी सुटल्या तेव्हा कोठडीतली शेजारीण स्वतःची सही करत होती. अकरा वर्षांनी मंडळाने त्यांना परत बोलावलं. मंडळाला एकाएकी न्यायबुद्धी सुचली असं नाही. त्यांनी ते सहाशे अकरा मोजले असावेत.

बाईंना काढल्याला वर्ष झालं तेव्हा, सत्तावन्नच्या ऑगस्टात, वर्डेल पार्लरमध्ये गेली होती. मीही शिकवते म्हणाली. बोलता बोलता रडली. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू शाळेतच राहा, वर्डेल. तिथे आपलं कुणीतरी लागतं. सोमवारी ये, अक्षर घोटून घ्यायला मला माणूस हवं आहे." आणि ती निघताना म्हणाल्या, "तुझं एक वाक्य वाचायचं राहिलंय. घाई नाही. सवडीनं वाच."

पुन्हा एका शब्दाने तो विषय काढला नाही. सदतीस वर्षं. वर्डेलही मूग गिळून राहिली. सवड मिळाली नाही असं नव्हे.

तिने पाचही अंडी टाकून दिली, हात धुतले, आणि केक नव्याने सुरू केला. या वेळी साखर मोजून घातली.

शनिवारी साडेदहालाच चर्च भरलं. माणसं भिंतीला लागून उभी होती. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका हातपंखे वाटत होत्या. पहिल्या रांगेत उजवीकडे विटसेल, काळा सूट, मांडीवर टोपी. शवपेटी बंद होती, वर पांढरी फुलं.

"काय ठरलं, सिस्टर वर्डेल?" रेव्हरंडनी हळूच विचारलं.

"आलेलं वाचणार."

"शब्दशः?"

"शब्दशः."

रेव्हरंडनी निःश्वास सोडला. डीकन चिझम शेजारीच होते. त्यांनी वर्डेलकडे पाहिलं. तिच्या काळ्या पर्समधून लाल पेन्सिलीचं टोक दिसत होतं. बसताना त्यांनी कोट नीट केला.

गायन झालं, प्रार्थना झाली. 'मनोगते, प्रत्येकी दोन मिनिटे' असं पुस्तिकेत छापलं होतं, आणि पहिल्याच वक्त्याने अकरा मिनिटं घेतली. मग रेव्हरंड म्हणाले, "ठराव आणि शोकसंदेश. आपल्या चिटणीस."

वर्डेल उठली. चिटणिसाची जागा डाव्या बाजूला, लहान टेबलापाशी. ती तिथे थांबली नाही. मधल्या वाटेने पुढे आली आणि शवपेटीच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. बाईंच्या वर्गात फळा जिथे असायचा तिथे. चर्चमधल्या साठी-सत्तरीच्या माणसांना ती जागा कळली असावी. एक-दोन पंखे हलायचे थांबले.

तिने तीन ज्याअर्थी वाचली. आवाज स्वच्छ होता, निम्म्या बहिऱ्यांनाही ऐकू जाईल असा. चौथं वाचलं, एकही शब्द न गाळता. कौटुंबिक कारण, स्वेच्छेने राजीनामा. मग थांबली.

"हे वाक्य चुकलं आहे," ती म्हणाली. "आता दुरुस्त करून वाचते. ज्याअर्थी सन १९५६ मध्ये, संघटनेच्या सभासद आहात काय या प्रश्नाला त्यांनी 'होय, मार्च १९४१ पासून' असं खरं उत्तर लिहिलं, आणि त्यासाठी शाळामंडळाने त्यांना कामावरून काढलं."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. रेव्हरंड व्यासपीठावर ताठ बसले होते. विटसेलांनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"याला पुरावा काय, असं मंडळाने विचारलं," वर्डेल म्हणाली. "विचारायलाच हवं. पुरावा मी आहे. त्या खोलीत मी बाईंच्या शेजारी बसले होते. मला काढलं नाही, कारण माझंही एक वाक्य चुकलं आहे. ते वाचते."

तिने पर्समधून चतकोर कागद काढला. सकाळीच लिहिला होता. हात या वेळी कापत होता, आणि तिला त्याचं बरं वाटलं.

"प्रश्न सातवा. सभासद आहात काय? मी लिहिलं, 'नाही.' दुरुस्त वाक्य: 'होय. मार्च १९५५ पासून. शाखेची चिटणीस. इतिवृत्ताची वही मी माझ्या हाताने जाळली.' खाली सही आहे. वर्डेल मे गॅडसन."

तिने दोन्ही कागद खाली घेतले. तिसऱ्या रांगेत तिची मुलगी होती. पाळण्यातलं ते मूल. ती आईकडे पाहत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाहेर शववाहिकेचं इंजिन चालू होतं.

डीकन चिझम काठी टेकत उठले.

"बरोबर?" त्यांनी विचारलं. प्रश्न त्यांनी लोकांकडे वळून विचारला, बाई विचारत तसा.

मोझेस, ज्याला लांबचं दिसत नसे, तो पहिला म्हणाला. मग एर्लीन. मग रांगांमागून रांगा. डॉक्टर, धोबिणी, ट्रकचालक, आजोबा झालेले, आज्या झालेल्या. शेवटी कोरसमधल्या मुलीही म्हणाल्या, ज्यांनी बाईंना फक्त रविवारी पाहिलं होतं.

"बरोबर."

वर्डेल टेबलापाशी गेली. लाल पेन्सिलीने ठरावातल्या चौथ्या परिच्छेदावर रेघ मारली, वर दुरुस्त मजकूर लिहिला, शेजारी आद्याक्षरं केली. मग तो कागद आणि आपलं निवेदन विटसेलांना नेऊन दिलं. विटसेल उठले. त्यांनी उभ्यानेच दोन्ही वाचले. वाचायला त्यांना गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

"मंगळवारी मांडतो," ते हळूच म्हणाले. "मतांचं मी सांगू शकत नाही."

"मतं आमची आम्ही बघू," डीकन चिझम म्हणाले. "सवय आहे. तुम्ही फक्त वाचताना उभं राहा."

विटसेलांनी मान हलवली आणि कागद घडी न घालता टोपीत ठेवले.

वर्डेल आपल्या जागेवर परत आली. खुर्ची होती, मागे गादीही होती. ती खुर्चीशेजारी उभी राहिली. रेव्हरंडनी प्रवचनाला सुरुवात केली; त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला होता हे तिने पाहिलं. बराच वेळ गेला. डीकन चिझम तिच्याकडे झुकले.

"बस की गं आता. गुडघे दुखतील."

"बसते. सांगितल्यावर."

डीकननी शवपेटीकडे पाहिलं.

प्रवचन झालं, शेवटचं गाणं झालं. सहा जणांनी शवपेटी उचलली आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं. फुलांचा पांढरा ढीग दरवाज्यातून उन्हात गेला. लोक मागोमाग निघाले. वर्डेलने चर्चची नोंदवही उघडली. तारीख घातली. हजर माणसांचा अंदाज लिहिला, कोणी काय गायलं ते लिहिलं, आणि खाली: 'चौथे ज्याअर्थी दुरुस्त करून वाचले. सभेने बरोबर म्हटले.' अक्षर अजून मोत्यासारखं होतं. सगळं तिने उभ्यानेच लिहिलं.